जुन्या फ्रेंच टेबलांच्या वर्णनातले शब्द: श्यूट, साबो, सँत्यूर आणि त्यांच्या जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पॅरिसमधील एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये लिहिण्याच्या एका टेबलाचे वर्णन ‘ब्यूरो प्ला, पंधराव्या लुईची शैली, ब्वा द व्हियोलेत, ब्राँझ दोरेचे श्यूट आणि साबो, सँत्यूरमध्ये तीन खण’ असे दिले आहे. शब्दकोशात पाहिल्यावर श्यूट म्हणजे पडणे, साबो म्हणजे लाकडी जोडा आणि सँत्यूर म्हणजे कमरेचा पट्टा असे अर्थ निघतात व गोंधळ आणखी वाढतो. तेव्हा या शब्दांचा नेमका अर्थ काय, आणि अशा नक्षीवरून टेबलाचा काळ ओळखता येतो का?

शब्दकोशाने तुमची फसवणूक केलेली नाही. पॅरिसच्या कारागिरांनी टेबलाला कंबर दिली, पाय दिले, पायांत जोडे घातले आणि रोजच्या बोलण्यातलेच शब्द या भागांना लावले. मी गेली काही वर्षे लंडनमध्ये जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचे काम करतो. सुरुवातीला हे शब्द माझ्याही डोक्यात राहत नसत. पुढे मी स्वतःला एक सवय लावून घेतली: प्रत्येक शोभिवंत भागासमोर उभे राहून, हा भाग काढून टाकला तर टेबलाचे काय बिघडेल, असे विचारायचे. बहुतेक वेळा उत्तर मिळते आणि त्या उत्तराबरोबर शब्दही लक्षात राहतो. म्हणून शब्दांची यादी देण्याऐवजी तुमच्या ब्यूरो प्लाच्या फळीपासून सुरुवात करून मी खाली खाली येतो.

ब्यूरो प्ला म्हणजे सपाट माथ्याचे, वर कप्प्यांची मांडणी नसलेले, लिहिण्याचे मोठे टेबल. माथ्यावर बहुधा चामडे ताणून बसवलेले असते आणि त्याच्या कडेने सोनेरी छापाची वेलपट्टी असते. माथ्याच्या बाहेरच्या कडेला पितळेची किंवा ब्राँझची गोलाकार पट्टी असते, तिला लँगोतिएर म्हणतात. ही पट्टी नसेल, तर कडेचे पातळ लाकूड कपड्यांच्या व हातांच्या रोजच्या घासण्याने काही वर्षांतच उडून जाईल. डाव्या-उजव्या बाजूंना माथ्याखालून ओढून काढता येणाऱ्या फळ्या असतील, तर त्यांना तिरेत म्हणतात. लिहिणाऱ्याचे कागद किंवा मदतनिसाचे लेखनसाहित्य त्यांवर ठेवता येई.

माथ्याच्या खाली, चारही पायांना जोडणारी जी उभी चौकट असते ती सँत्यूर, म्हणजेच टेबलाचा कंबरपट्टा. खण यातच बसवतात. पंधराव्या लुईच्या काळातल्या टेबलांत या पट्ट्याची खालची कड सरळ नसते. ती लाटेसारखी वळते आणि मधला खण थोडा मागे घेतलेला असतो, कारण बसणाऱ्याच्या मांड्यांना जागा हवी. समोरच्या बाजूला खरे खण आणि पाठीमागे हुबेहूब तशाच कड्या, तशीच कुलपाची भोके असलेले खोटे खण ही ब्यूरो प्लाची नेहमीची रीत आहे, कारण हे टेबल भिंतीला टेकवून न ठेवता खोलीच्या मध्यावर ठेवले जाई आणि पाहुणा समोरून येई. कुलपाच्या भोकाभोवतीचा ब्राँझचा वेलबुट्टीदार तुकडाही किल्लीच्या टोकाने लाकूड ओरबाडले जाऊ नये म्हणूनच तेथे आला.

आता श्यूट. पायाच्या वरच्या टोकाला, कंबरपट्ट्याच्या कोपऱ्यावर, ब्राँझचा जो तुकडा बसवलेला असतो आणि जो पानांच्या किंवा फुलांच्या घोसासारखा पायावरून खाली ओघळतो, तो श्यूट. ओघळणे हाच येथे ‘पडणे’ या शब्दाचा अर्थ आहे. टेबलाचा कोपरा ही सर्वांत नाजूक जागा असते. तेथे दोन बाजूंचे विनिअर, म्हणजे आतल्या ओकच्या लाकडावर चिकटवलेले महागड्या लाकडाचे पातळ पत्रे, एका धारेवर भेटतात, आणि गुडघा, खुर्ची किंवा सामान हलवणाऱ्या माणसाचा हात नेमका तेथेच आपटतो. श्यूटपासून निघालेली ब्राँझची बारीक रेघ पायाच्या धारेवरून खाली जाते आणि साबोला मिळते. साबो म्हणजे पायाच्या टोकाला घातलेला धातूचा जोडा; लादी पुसण्याचे पाणी, झाडू आणि बुटांच्या ठोकरा यांपासून तो लाकूड वाचवतो. एकदा ही जागा ब्राँझने झाकायची असे ठरल्यावर ती साधी का ठेवायची, या विचाराने पुढची सगळी नक्षी आली. श्यूटच्या जागी कधीकधी स्त्रीचे मस्तक व खांदे असतात, त्यांना एस्पान्योलेत म्हणतात. शार्ल क्रेसाँ या कारागिराच्या टेबलांवर ती विशेष दिसतात.

त्या काळाचा वळणदार पाय, म्हणजे वर बाहेर फुगणारा, मध्ये आत जाणारा आणि टोकाशी पुन्हा किंचित बाहेर वळणारा पाय, फ्रेंचमध्ये पिए द बिश, अर्थात हरिणीचा पाय, या नावाने ओळखला जातो. इंग्रजी कॅटलॉगमध्ये त्यालाच कॅब्रिओल म्हणतात. असेच दुसरे उदाहरण ऑर्मोलू या शब्दाचे आहे. तो फ्रेंच भासतो आणि दळलेले सोने या अर्थाच्या फ्रेंच शब्दांपासूनच तयार झाला आहे, पण आज फ्रेंच माणूस त्याच वस्तूला ब्राँझ दोरे, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझ, असे म्हणतो. इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन्ही कॅटलॉग तुम्ही वाचत असाल, तर अर्धा गोंधळ येथेच मिटेल.

हा मुलामा कसा देत हे जाणून घेतल्याशिवाय ब्राँझ दोरेची किंमत कळत नाही. आधी ब्राँझ ओतून घेत, मग छिन्नीने पान न् पान कोरून त्याला धार आणत. त्यानंतर सोने पाऱ्यात विरघळवून तयार केलेला लगदा त्यावर लावत आणि तुकडा आगीवर धरत. पारा वाफ होऊन निघून जाई आणि सोने ब्राँझला घट्ट धरून राहत असे. ती वाफ विषारी असल्याने मुलामा देणाऱ्या कारागिरांच्या आयुष्याची त्यात राखरांगोळी होई. शेवटी काही भाग अकीकाच्या दगडाने घासून चकचकीत करत आणि काही भाग मुद्दाम निस्तेज ठेवत. एकाच पानाचा उंचवटा चमकतो आणि खोलगट भाग मखमलीसारखा मंद दिसतो, तो या कामामुळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पिएर गुतिएर या कामात सर्वांत नावाजलेला होता. १८४० नंतर विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची पद्धत पसरली. तिच्यात सोन्याचा थर पातळ आणि सगळीकडे एकसारखा बसतो. सरावलेल्या डोळ्याला हा एकसारखेपणाच खटकतो. येथे घरच्या सवयीबद्दल एक सूचना द्यावीशी वाटते: असे ब्राँझ चिंच, लिंबू किंवा पितळ घासण्याची कोणतीही पावडर लावून कधीही घासू नये. शिकाऊ असताना मी एका किरकोळ तुकड्यावर हा उद्योग केला आणि अडीचशे वर्षे टिकलेले सोने दहा मिनिटांत फडक्यावर उतरवले.

लाकूड आणि ब्राँझ यांचे काम एकाच माणसाने का करू नये, यामागे पॅरिसच्या कारागीर संघांचे नियम होते. भरीव लाकूड कोरणारा तो मेन्युझिए, विनिअरचे काम करणारा तो एबेनिस्त, आणि ब्राँझ ओतणारे व त्यावर मुलामा देणारे यांचे संघ आणखी वेगळे. वर उल्लेख केलेल्या क्रेसाँवर स्वतःच्या कारखान्यात ब्राँझ तयार केल्याबद्दल खटले झाले. याउलट आंद्रे-शार्ल बूल याला १६७२ मध्ये राजाच्या कृपेने पॅरिसच्या लुव्र राजवाड्यात राहण्या-काम करण्याची जागा मिळाली होती. तेथे संघाचे नियम लागू होत नसल्याने त्याला दोन्ही कामे करता आली. त्याच्या नावाने ओळखली जाणारी बूल मार्केट्री म्हणजे कासवाच्या पाठीचा पत्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून एकाच वेळी करवतीने कापणे. त्यातून दोन जोड्या निघतात. कासवाच्या जमिनीवर पितळेची नक्षी असेल, तर ती प्रमिएर पार्ती. उरलेल्या तुकड्यांतून पितळेच्या जमिनीवर कासवाची नक्षी केली, तर ती काँत्र-पार्ती. काही वाया घालवायचे नाही, हा सुताराचा हिशेब त्यात आहे, आणि एकाच नक्षीची दोन उलटसुलट टेबले शेजारी ठेवली की तो फार देखणा दिसतो. अशा टेबलांवर पितळेची टोके वर उचललेली दिसली, तर आश्चर्य वाटू देऊ नका. हवामानानुसार लाकूड फुगते व आकसते, पितळ तसे करत नाही, आणि खालचा सरस शेवटी हार मानतो.

आता लाकडाबद्दल, कारण येथे मराठी वाचकाची चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. तुमच्या कॅटलॉगमधले ब्वा द व्हियोलेत म्हणजे इंग्रजीतले किंगवुड: जांभळट तपकिरी, गडद रेघांचे, ब्राझीलहून येणारे. त्याच्या जोडीला अनेकदा ब्वा द रोझ असते. त्याचे शब्दशः भाषांतर रोझवुड असे करून पुढे शिसव असा अर्थ लावला जातो, पण तो चुकीचा आहे. ब्वा द रोझ म्हणजे इंग्रजीतले ट्यूलिपवुड, पिवळट गुलाबी पट्ट्यांचे ब्राझिली लाकूड. रोझवुडला फ्रेंचमध्ये पालिसांद्र म्हणतात. ही सगळी लाकडे शिसवाच्याच कुळातली असल्याने त्यांना भाऊबंद म्हणायला हरकत नाही, पण एकाच्या जागी दुसरे नाव चालणार नाही. या लाकडांच्या पातळ तुकड्यांतून चौकटी, जाळी किंवा ठोकळ्यांचा भास निर्माण करणारी भौमितिक रचना केली, तर ती पार्केट्री, आणि फुले, वाद्ये, फुलदाण्या अशी चित्रे केली, तर ती मार्केट्री. पाकळीला सावली देण्यासाठी लाकडाचा तुकडा तापलेल्या वाळूत बुडवून त्याची एक कड हलकीशी करपवत. आज ही चित्रे तपकिरी आणि शांत दिसतात, परंतु तयार झाली तेव्हा त्यांत हिरवी पाने आणि तांबडी फुले होती. लाकूड रंगवलेले असे आणि ते रंग उजेडाने गेले. खण बाहेर काढून, जेथे उजेड पोहोचला नाही अशा कडेकडे पाहिले, तर मूळ रंगाचा अंश कधीकधी दिसतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पंधराव्या लुईची प्रेयसी माडाम द पाँपादूर हिच्यासाठी झाँ-फ्राँस्वा ओबेन याने १७६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केलेले एक यांत्रिक टेबल आहे. त्याचा माथा मागे सरकतो आणि त्याच वेळी खण पुढे येतो. माथ्यावरच्या मार्केट्रीत फुलदाणी आणि कलांची चिन्हे आहेत, आणि कोपऱ्यांवरच्या ब्राँझमध्ये तिच्या कुलचिन्हातला बुरूज आहे. म्हणजे कोपरा वाचवण्यासाठी बसवलेल्या तुकड्याने शेवटी मालकिणीचे नावही सांगितले. श्यूट हा शब्द समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

नक्षीवरून काळ ओळखता येतो का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की काळाचा अंदाज येतो, पण तो नक्षीचा काळ असतो, टेबलाचा असेलच असे नाही. चौदाव्या लुईच्या (मृत्यू १७१५) काळातली टेबले भारदस्त व दोन्ही अंगांनी सारखी असतात, आणि पायांना खाली जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे आंत्रत्वाझ, बहुधा फुलीच्या आकारात असतात. पंधराव्या लुईच्या काळात जोडकाम इतके पक्के झाले की त्या पट्ट्यांची गरज उरली नाही आणि वळणदार पाय मोकळा झाला. नक्षीतही डावे-उजवे सारखे असण्याचा आग्रह सुटला. शिंपले, खडक, वाहते पाणी आणि वळलेली पाने यांच्या या नक्षीला रोकाय म्हणतात, आणि रोकोको हे नाव त्यावरूनच आले.

मग हर्क्युलेनियम (१७३८) आणि पाँपेई (१७४८) येथील उत्खननांनी जुन्या रोमन-ग्रीक वस्तूंची गोडी लागली. लालिव्ह द झ्युली या संग्राहकासाठी १७५७ च्या सुमारास केलेले आणि आज पॅरिसजवळच्या शाँतीय येथे असलेले काळे, अवजड ब्यूरो प्ला हे त्या वळणाचे पहिले ठळक उदाहरण मानतात. त्याच्यावरचे ब्राँझचे जाडजूड हार पाहून त्या काळच्या टीकाकाराला विहिरीचे दोर आठवले, आणि छायाचित्र पाहिलेत तर तुम्हालाही तेच आठवतील. सोळाव्या लुईच्या काळापर्यंत (१७७४ पासून) पाय सरळ झाला: गोल असेल तर खाली निमुळता आणि उभ्या पन्हाळींचा. या पन्हाळी म्हणजे कान्ल्यूर. त्यांत खालच्या भागात काठ्या भरल्यासारखे दिसले आणि त्यांच्या टोकांना कोंब असले, तर त्याला आस्पेर्झ, म्हणजे शतावरीच्या कोंबांची नक्षी, म्हणतात. पाय चौकोनी व निमुळता असेल तर तो गॅन, आणि टोकाशी भोवऱ्यासारखा असेल तर तुपी, कारण तुपी म्हणजेच भोवरा. पाय आणि कंबरपट्टा जेथे मिळतात तेथे आता चौकोनी ठोकळा येतो आणि त्यावर गोल फूल. मोत्यांची माळ, फितीची गाठ, मेंढ्याचे शिर, एकमेकांत गुंफलेली वर्तुळे ही या काळची ब्राँझे. आंत्रत्वाझही परत आल्या, पण आता केवळ आधारापुरत्या नव्हत्या: लुव्रमधले सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिचे १७८४ चे लिहिण्याचे टेबल, जे आडाम व्हाइसव्हायलर याने केले, त्याच्या पायांमधली गुंफण शोभेसाठीच पाहावी अशी आहे.

नेपोलियनच्या काळात महोगनीचे मोठे सपाट पृष्ठ आणि त्यावर सुटे, चपटे ब्राँझ अशी रीत आली. १७९८ च्या इजिप्त मोहिमेनंतर स्फिंक्सची हौस वाढली. त्याच्या जोडीला पंखवाले प्राणी, सिंहाचे पंजे, राजहंस, लॉरेलची वलये आणि मधमाश्या आल्या. १८०६ च्या सागरी नाकेबंदीने महोगनी दुर्मीळ झाली आणि मेपल, अ‍ॅशसारखी देशी फिकट लाकडे वापरात आली. त्यापुढचे सांगण्यासारखे एवढेच की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या सर्व शैलींच्या नकला झाल्या, आणि त्यांतल्या काही, उदाहरणार्थ फ्राँस्वा लिंक याच्या कारखान्यातल्या, स्वतःच आज फार मोलाच्या आहेत.

म्हणूनच तुमच्या कॅटलॉगमधला सर्वांत महत्त्वाचा शब्द श्यूट किंवा साबो नसून ‘शैली’ हा आहे. फ्रेंच कॅटलॉग ‘एपोक’ लिहितो तेव्हा टेबल त्या काळात तयार झाले, असा दावा असतो. ‘स्तील’ लिहितो तेव्हा टेबल त्या धाटणीचे आहे, पण नंतरचे आहे, असे तो सौजन्याने सांगत असतो. तुमचे टेबल पंधराव्या लुईच्या ‘शैलीचे’ आहे, तेव्हा ते एकोणिसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे असणार. ते वाईट ठरते असे नाही. फक्त किंमत त्या हिशेबाने पाहावी.

टेबल ‘एपोक’ म्हणून विकले जात असेल, तर पुरावे नक्षीऐवजी तिच्या मागे आणि खाली शोधावेत. संघाच्या १७४३ च्या नियमांनुसार, जे १७५१ पासून पक्के अमलात आले, कारागिराने आपल्या नावाचा ठसा लाकडात उमटवायचा असे. त्याला एस्तांपिय म्हणतात. सोबत जेएमई ही अक्षरे असतील, तर संघाच्या तपासनिसांनी काम पाहून पसंत केले असा त्याचा अर्थ. हा ठसा बहुधा कंबरपट्ट्याच्या खालच्या कडेला किंवा संगमरवराखाली सापडतो. १७९१ मध्ये संघ रद्द झाले आणि सक्ती संपली. राजाच्या आश्रयाने काम करणाऱ्यांना ही सक्ती नव्हती, त्यामुळे ठसा नसणे हा दोष मानू नये. आणि ठसे नंतरही मारता येतात, त्यामुळे ठसा असणे हाही पुरावा मानू नये. ब्राँझवर मुकुट असलेले बारीक सी अक्षर दिसले, तर ती तांबेमिश्रित धातूंवरच्या १७४५ ते १७४९ या काळातल्या कराची खूण आहे. जुने विनिअर हाताने करवतलेले असल्याने सुमारे दीड-दोन मिलिमीटर जाड आणि किंचित ओबडधोबड असते. कागदासारखे पातळ आणि सर्वत्र सारखे असेल, तर ते यंत्राने कापलेले आहे. चकचकीत आरशासारखे पॉलिश दिसले, तरी सावध व्हावे. आपल्याकडचे सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, ते स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाले. पंधराव्या लुईच्या टेबलावर ते असेल, तर नंतर कोणीतरी चढवले आहे. गंमत अशी की त्यातली लाख बहुतांशी भारतातूनच जात असे.

संगमरवराचा माथा तुमच्या ब्यूरो प्लाला नाही, पण त्याच कॅटलॉगमध्ये भिंतीला टेकवायची काँसोल किंवा बुयोत टेबल असेल, म्हणून दोन शब्द. बुयोत हा पत्त्यांचा खेळ. त्याचे टेबल गोल, संगमरवरी माथ्याचे, आणि माथ्याभोवती जाळीदार पितळेचे बुटके कठडे असलेले असते. त्या कठड्याला गालरी म्हणतात. नाणी आणि पत्ते खाली पडू नयेत, हे तिचे काम. संगमरवराच्या कडेचा कावळ्याच्या चोचीसारखा छेद असेल, तर तो बेक द कोर्बँ. ब्रेश दालेप या नावाने विकला जाणारा रंगीबेरंगी दगड नावाने सीरियातल्या अलेप्पोचा वाटतो, पण तो दक्षिण फ्रान्समधल्या एक्स शहराजवळच्या खाणीतला आहे.

हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे असेल आणि लंडनला येणे झाले, तर मँचेस्टर स्क्वेअरमधल्या वॉलेस संग्रहात जावे. प्रवेश विनामूल्य आहे आणि बूलपासून सोळाव्या लुईच्या काळातल्या रीझनर या कारागिरापर्यंतची टेबले व कपाटे एका इमारतीत पाहायला मिळतात. दरम्यान, लिलाव करणाऱ्यांकडून तीन छायाचित्रे मागवा: उलटे धरून घेतलेले कंबरपट्ट्याखालचे, एका श्यूटच्या मागच्या बाजूचे आणि पूर्ण बाहेर काढलेल्या एका खणाचे. ती येथे टाकलीत, तर टेबल एकोणिसाव्या शतकातले की विसाव्या, याबद्दल मला काहीतरी सांगता येईल.